स्लॅबला कार्बन तंतूंचा आधार : उपयोग आणि मर्यादा

मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गाचे ईशान्येकडील शेवटचे टोक म्हणजे कसारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२१ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाची ओळख जशी घाटाशी जोडलेली आहे, तशीच ती पावसाशीही आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांचा हा पट्टा जून ते सप्टेंबर असे चार महिने अक्षरशः भिजत असतो. पूर्वी येथील घरे, शाळा आणि चावड्या कौलारू असत. कौल फुटले तर बदलता येत असे. गेल्या काही दशकांत कौलांची जागा काँक्रीटच्या स्लॅबने घेतली. शाळेच्या खोल्या, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, ओढ्यांवरच्या मोऱ्या आणि दुमजली घरे हे सारे आता स्लॅबवर उभे आहे. स्लॅब मात्र कौलासारखा बदलता येत नाही. तो आतून झिजत जातो आणि पोपडे पडू लागेपर्यंत त्याची झीज दिसत नाही.

अशा थकलेल्या स्लॅबला बाहेरून बळ देण्याचा एक मार्ग म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर तंतुप्रबलित बहुवारिकाच्या, म्हणजेच एफआरपीच्या, पट्ट्या चिकटविणे. शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या दुरुस्तीच्या निविदांमध्ये ‘कार्बन फायबर’ हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. हे तंत्र प्रभावी आहे. पण ते कोणत्या स्लॅबला उपयोगी पडते आणि कोणत्या स्लॅबला केवळ झाकून टाकते, हे समजून घेणे तितकेच आवश्यक आहे.

स्लॅबमध्ये काय घडते?

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसू शकत नाही. दोन तुळयांमधील स्लॅबवर भार आला की तो मधोमध किंचित वाकतो. त्यामुळे वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. हा ताण घेण्यासाठीच स्लॅबच्या तळाशी लोखंडी सळया घातलेल्या असतात. तुळईच्या माथ्यावर, तसेच भिंतीबाहेर आलेल्या गॅलरी आणि छज्जांमध्ये याच्या उलट घडते. तेथे ताण वरच्या अंगाला असतो आणि सळयाही वर असाव्या लागतात.

सळईभोवतीचे ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्यामुळे सळई गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कता कमी करतो. पाझरणारे पाणी आणि किनारी भागातील क्षार या प्रक्रियेला हातभार लावतात. गंज चढला की सळईचा लोखंडी गाभा बारीक होतो आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट वाढते. आतून आलेल्या या दाबाने काँक्रीटचे आवरण तडकते आणि त्याचे पोपडे सुटतात. त्यामुळे छताचा पोपडा पडणे ही झिजेची सुरुवात नसते. झीज बरीच पुढे गेल्यावर मिळालेली ती सूचना असते.

पट्टी कशाची?

एफआरपी हे दोन घटकांचे संमिश्र आहे. ताण घेण्याचे काम कार्बन, काच किंवा अरामिड यांचे अतिशय बारीक तंतू करतात. इपॉक्सीसारखे राळयुक्त बहुवारिक या तंतूंना एकत्र बांधून ठेवते. बाजारात ते प्रामुख्याने दोन रूपांत मिळते. पहिले रूप म्हणजे कारखान्यात तयार झालेली ताठ पट्टी. ती साधारण ५० ते १५० मिलिमीटर रुंद आणि १.२ ते १.४ मिलिमीटर जाड असते व स्लॅबच्या तळाला घट्ट इपॉक्सीने चिकटवतात. दुसरे रूप कापडाचे. हे कापड जागेवरच पातळ राळेत भिजवून पृष्ठभागावर बसवितात आणि राळ सुकल्यावर ते कडक होते. याखेरीज काँक्रीटच्या आवरणात खाचा पाडून त्यांत एफआरपीच्या पट्ट्या किंवा कांड्या इपॉक्सीसह बसविण्याचीही पद्धत आहे.

कार्बनच्या पट्टीची ताणक्षमता सुमारे २८०० मेगापास्कल असते. बांधकामात नेहमी वापरल्या जाणाऱ्या सळईचे तन्यबल ४१५ ते ५०० मेगापास्कलच्या घरात असते. पट्टीची घनता पोलादाच्या जेमतेम एक पंचमांश असून तिला गंज लागत नाही. काचतंतूंचे संमिश्र स्वस्त असते, पण ते अधिक लवचिक असते आणि सतत ताणाखाली राहिल्यास त्याची क्षमता लवकर घटते. म्हणूनच अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत कायमस्वरूपी भारासाठी कार्बनच्या क्षमतेपैकी ५५ टक्के, अरामिडच्या ३० टक्के आणि काचतंतूंच्या केवळ २० टक्के वापर ग्राह्य धरलेला आहे.

ल्यूसर्नचा पूल

काँक्रीटला बाहेरून ताणघटक चिकटविण्याची कल्पना एफआरपीपेक्षा जुनी आहे. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये लोखंडी पत्रे इपॉक्सीने चिकटविण्याचे प्रयोग झाले. पण हे पत्रे जड असत, इपॉक्सी सुकेपर्यंत त्यांना खालून टेकू द्यावे लागत आणि पत्रा व काँक्रीट यांच्यामध्ये गंज धरण्याची भीती असे. स्वित्झर्लंडमधील ‘एम्पा’ या संशोधन संस्थेत उर्स मायर यांनी लोखंडाच्या जागी कार्बनच्या पट्ट्या वापरण्याचा अभ्यास केला. १९९१ मध्ये ल्यूसर्नजवळील इबाख पुलावर हे तंत्र प्रत्यक्षात आले. या पुलावर वाहतूक सिग्नल बसविताना भोक पाडले गेले आणि त्यात आतील पूर्वताणित तारा तुटल्या होत्या. त्या भागाला बळ देण्यासाठी १७५ किलोग्रॅम पोलाद लागले असते. ते काम ६.२ किलोग्रॅम कार्बन संमिश्राने झाले. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये खांबांना कापडासारखे गुंडाळण्यासाठी कार्बन मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. तेथून हे तंत्र जगभर पसरले.

एक साधा हिशेब

घरातील १२५ मिलिमीटर जाडीचा एक स्लॅब घ्यावा. त्यात ८ मिलिमीटर व्यासाच्या सळया दर १५० मिलिमीटरवर आहेत असे समजू. म्हणजे एक मीटर रुंदीत सुमारे ३३५ चौरस मिलिमीटर लोखंड झाले. गंजाने त्यातील चौथा हिस्सा नाहीसा झाला, तर त्या मीटरमागे साधारण तीन टन ताण घेण्याची ताकद गेली.

आता ५० मिलिमीटर रुंद आणि १.२ मिलिमीटर जाड अशी कार्बनची एक पट्टी तळाशी चिकटविली. तिचा छेद ६० चौरस मिलिमीटर आहे. पट्टीची पूर्ण क्षमता वापरता आली असती तर तिने सुमारे सतरा टन ताण घेतला असता. पण तसे होत नाही. पट्टी आपल्या लांबीच्या साधारण ०.४ टक्के ताणली गेली की तिच्याखालचे काँक्रीट फाटू लागते आणि ती सुटते. त्यामुळे संकल्पनेत ती साडेतीन ते चार टनांचीच धरावी लागते. हरवलेले तीन टन भरून काढण्यास हे पुरेसे आहे आणि पट्टीचे वजन मीटरला अवघे शंभर ग्रॅम भरते. मात्र सतरा टनांपैकी जेमतेम चौथा हिस्साच हाती लागतो, ही गोष्ट या तंत्राचे मर्म सांगते. येथे मर्यादा घालणारी गोष्ट कार्बन नसून काँक्रीट आणि त्याच्याशी जुळलेला सांधा आहे. अधिक महागडा किंवा अधिक मजबूत तंतू वापरून ही मर्यादा ओलांडता येत नाही.

सांध्याची तयारी

पट्टी सुटते तेव्हा इपॉक्सी सहसा शाबूत राहते. इपॉक्सीलगतचा काँक्रीटचा पातळ थर फाटून पट्टीबरोबर निघून येतो. याचा अर्थ, काँक्रीटची वरची कातडी जितकी भक्कम, तितकाच सांधा भक्कम. म्हणून प्लॅस्टर, रंग, चुना, तेलकटपणा आणि सिमेंटची पातळ साय पूर्णपणे काढून खडी उघडी पडेपर्यंत पृष्ठभाग घासावा लागतो. उंचसखलपणा इपॉक्सी पुट्टीने भरून घेतात, कारण खोलगट जागेवरून ताणलेली पट्टी सरळ होऊ पाहते आणि सुटते. कापड कोपऱ्यावरून वळवायचे असल्यास कोपरा किमान १३ मिलिमीटर त्रिज्येने गोल करतात. तीक्ष्ण कडेवर तंतू तुटतात.

त्यानंतरची महत्त्वाची पायरी म्हणजे ओढ-चाचणी. पृष्ठभागावर धातूची छोटी चकती चिकटवून ती यंत्राने ओढली जाते आणि काँक्रीट किती ताणाला फाटते ते मोजले जाते. अमेरिकन मार्गदर्शिकेनुसार हे बल किमान १.४ मेगापास्कल असावे आणि काँक्रीटची दाबक्षमता १७ मेगापास्कलपेक्षा कमी नसावी. ज्या स्लॅबचे काँक्रीट नखाने किंवा पेचकसाने खरवडले जाते, तो या कसोटीला उतरत नाही. त्यावर पट्टी लावणे म्हणजे पोपड्यावर पट्टी लावणे होय.

पट्टी बसविल्यावर तिच्यावर हलकेच ठोकून पोकळ आवाज येणाऱ्या जागा शोधल्या जातात. अशा जागांत इपॉक्सी भरतात किंवा तो भाग कापून नवा जोड देतात. पट्टीची टोके सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून ती आधाराच्या शक्य तितकी जवळ नेतात आणि गरज भासल्यास तंतूंच्या खुंट्या काँक्रीटमध्ये रोवून टोके जखडतात.

पावसाच्या प्रदेशातील अडचण

कसाऱ्यासारख्या ठिकाणी या तंत्रापुढील मुख्य प्रश्न ओलाव्याचा आहे. नेहमीच्या इपॉक्सीला कोरडा पृष्ठभाग लागतो. अनेक उत्पादक काँक्रीटमधील ओलावा चार टक्क्यांपेक्षा कमी असावा अशी अट घालतात. हवेतील बाष्प थंड स्लॅबवर दवरूपाने जमू नये यासाठी पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअस अधिक असावे, हा सर्वमान्य दंडक आहे. पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याशी हवा बाष्पाने भरलेली असते आणि स्लॅबमध्ये मुरलेले पाणी पाऊस थांबल्यावरही काही आठवडे बाहेर येत राहते. त्यामुळे या भागात अशा कामासाठी डिसेंबर ते मे हा काळ योग्य ठरतो. ओल्या पृष्ठभागावर चालणाऱ्या विशेष इपॉक्सीही मिळतात, परंतु त्या वापरल्या तरी ओढ-चाचणी टाळता येत नाही.

त्याहून मोठी बाब अशी की, पट्टी लावण्याआधी पाण्याची वाट बंद व्हावी लागते. गच्चीचे जलरोधन न करता तळाला कापड चिकटविले, तर वरून झिरपणारे पाणी कापडाच्या आड साचते. एफआरपीतून ते बाहेर पडू शकत नाही. सळया गंजतच राहतात आणि त्या गंजाच्या फुगवट्याने काही काळाने पट्टीच ढकलली जाते. तोवर मात्र छत वरकरणी नवे दिसत असते. म्हणून क्रम असा असावा लागतो : आधी गळती थांबविणे, मग सुटलेले काँक्रीट काढून सळया स्वच्छ करणे, गरजेनुसार नव्या सळया जोडणे, बहुवारिकयुक्त मॉर्टर किंवा सूक्ष्मकाँक्रीटने छेद पूर्ववत करणे आणि सर्वात शेवटी एफआरपी. कार्बन विद्युतवाहक असल्याने त्याचा उघड्या सळईशी थेट स्पर्श झाल्यास सळईचा गंज उलट वाढतो. त्यामुळे मध्ये इपॉक्सीचा सलग थर राखावा लागतो.

कोठे चालत नाही?

पहिली मर्यादा जागेची. गॅलरी आणि छज्जा यांत ताण वरच्या बाजूला असतो. त्यांच्या तळाशी पट्टी लावण्याने काहीही साधत नाही. ती वरून आणि आतल्या स्लॅबमध्ये पुरेशी लांब नेऊनच लावावी लागते. तुळईविना थेट खांबांवर टेकलेल्या सपाट स्लॅबमध्ये खांब स्लॅब भेदून वर येण्याचा धोका असतो. तळाला चिकटविलेल्या पट्ट्यांनी तो फारसा कमी होत नाही.

दुसरी मर्यादा वाकण्याची. पातळ पट्टीने स्लॅबची ताकद वाढते, ताठरपणा फारसा वाढत नाही. आधीच खाली झुकलेला स्लॅब पट्टीने वर उचलला जात नाही. शिवाय स्लॅबच्या स्वतःच्या वजनाचा ताण सळयांनी आधीच घेतलेला असतो. पट्टी फक्त नंतर येणाऱ्या भारात वाटा उचलते. पट्टीने जुना भारही घ्यावा असे वाटत असेल, तर स्लॅबखाली जॅक लावून तो भार उतरवून मगच ती चिकटवावी लागते.

तिसरी मर्यादा आगीची. साधी इपॉक्सी ५० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. स्वयंपाकघरातील आगीत पट्टी काही मिनिटांतच निकामी झाली असे गृहीत धरावे लागते. म्हणूनच अमेरिकन मार्गदर्शिका सांगते की पट्टीविनाही मूळ स्लॅबने कायम भाराच्या १.१ पट आणि चल भाराच्या ०.७५ पट एवढा एकत्रित भार पेलला पाहिजे. जो स्लॅब केवळ पट्टीमुळेच उभा राहणार आहे, त्याला पट्टी लावायचीच नसते. त्याच्यासाठी खालून लोखंडी तुळया देणे, नवा स्लॅब टाकणे किंवा इमारत रिकामी करणे हेच पर्याय उरतात.

ही मर्यादा किती गंभीर आहे, हे ठाणे जिल्ह्याने अनुभवले आहे. उल्हासनगर येथे २८ मे २०२१ रोजी साईशक्ती इमारतीचा पाचव्या मजल्यावरील स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब सोबत घेऊन गेला. त्यात ७ जणांचा मृत्यू झाला. कल्याण पूर्वेत २० मे २०२५ रोजी सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचे काम सुरू असताना स्लॅब कोसळून ६ जणांनी प्राण गमावले. जुनी लादी न काढता तिच्यावर मॉर्टर आणि नवी लादी असा ५० मिलिमीटरचा थर चढविला, तर दर चौरस मीटरला सुमारे १२० किलोग्रॅम वजन वाढते. निवासी खोलीसाठी भारतीय मानकाने धरलेला चल भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम आहे. म्हणजे केवळ लादीच्या हौसेने त्याचा निम्म्याहून अधिक वाटा खर्ची पडतो. स्लॅबचे बळ वाढविण्याचा विचार करण्यापूर्वी त्याच्यावरील अनावश्यक ओझे उतरविणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

तपासणी आणि कायदा

मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५३(ब) आणि राज्यातील अन्य महानगरपालिकांना लागू असलेले कलम २६५(अ) यांनुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीसाठी तीन वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. महानगरपालिकांची ही कलमे ग्रामपंचायत हद्दीत लागू होत नाहीत. कसारा, शहापूर, मुरबाड परिसरातील खासगी घरे आणि छोट्या इमारतींच्या बाबतीत म्हणूनच पुढाकार मालकालाच घ्यावा लागतो.

नुसत्या नजरेने केलेली तपासणी पुरेशी नसते. मुंबईत १४ मार्च २०१९ रोजी हिमालय पादचारी पुलाचा स्लॅब भर गर्दीच्या वेळी कोसळला. त्याआधीच्या तपासणीत या पुलाला केवळ किरकोळ दुरुस्ती सुचविण्यात आली होती. काँक्रीटचे नमुने काढून त्यांची दाबक्षमता तपासणे, फिनॉल्फ्थॅलिन द्रावणाने अल्कता कोठवर उतरली ते पाहणे, अर्धघट विभव चाचणीने सळयांच्या गंजाची शक्यता अजमावणे आणि ध्वनिलहरींच्या वेगावरून अंतर्गत पोकळ्या शोधणे, या चाचण्या एकत्र पाहिल्यावरच निदान होते. या निदानाशिवाय एफआरपीचा हिशेब मांडताच येत नाही, कारण शिल्लक लोखंड किती आणि काँक्रीट किती भक्कम हेच त्या हिशेबाचे मूळ आकडे आहेत.

कंत्राट देण्यापूर्वी

एफआरपीच्या कामाचा प्रस्ताव समोर आल्यास गृहनिर्माण संस्थेच्या किंवा शाळेच्या व्यवस्थापनाने काही गोष्टी लेखी मागाव्यात. संकल्पना करणाऱ्या संरचना अभियंत्याचा स्वाक्षरीसह हिशेब. पट्टीची जाडी, रुंदी, अंतर आणि दिशा दाखविणारा आराखडा. तंतू व इपॉक्सी एकाच प्रणालीतील असल्याचे चाचणी प्रमाणपत्र. काम सुरू होण्यापूर्वी आणि झाल्यानंतर ओढ-चाचणीचे निष्कर्ष. पृष्ठभागाचा ओलावा व तापमान यांची रोजची नोंद. आणि आग तसेच सूर्यप्रकाश यांपासून संरक्षण देणाऱ्या लेपाचा तपशील. ‘अमुक चौरस फूट कार्बन, अमुक दर’ एवढाच मजकूर असलेले अंदाजपत्रक स्वीकारू नये.

काम पूर्ण झाल्यावर शंका असल्यास भारतीय मानक ४५६ नुसार भार-चाचणी घेता येते. त्यात स्लॅबवर संकल्पित चल भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवतात. तो काढल्यानंतर पुढील २४ तासांत स्लॅबने आपल्या झुकावापैकी किमान ७५ टक्के भरून काढला, तर तो कसोटीस उतरला असे मानतात. चाचणीच्या वेळी खाली टेकू असणे आणि खोली रिकामी असणे अर्थातच आवश्यक आहे.

पट्टी बसल्यानंतरही देखभाल संपत नाही. खालून नवे प्लॅस्टर करताना, पंख्याचा हूक बसविताना किंवा नळाची वाट काढताना कोणी पट्टीतून भोक पाडले, तर त्या जागी तिचा उपयोग संपतो. इबाखच्या पुलाला दुरुस्तीची गरज पडली, तीही अशाच एका भोकामुळे. यासाठी पट्ट्यांच्या जागा दाखविणारा नकाशा संस्थेच्या दप्तरी ठेवावा आणि दर पावसाळ्यानंतर ठोकून पट्ट्यांची पाहणी करावी. पाहणीत पोकळ आवाज किंवा ओलीचा डाग आढळल्यास पुढच्या पावसाची वाट न पाहता अभियंत्याला बोलवावे.